जगातल्या जीवसंहती ओळखायला शिकताना: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

जीवसंहतींचा, म्हणजेच बायोमचा, अभ्यास बहुतेक जण जगाच्या रंगीत नकाशापासून सुरू करतात. विषुववृत्तावर गडद हिरवा पट्टा, सहारावर पिवळा, उत्तर ध्रुवाजवळ फिकट निळा असे ते रंग परीक्षेपुरते पाठ होतात आणि पुढे कोणता रंग कशासाठी होता, हे आठवत नाही. मला हा विषय खऱ्या अर्थाने समजला तो कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला आणि पूर्वेला हिंडताना. शहरापासून गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर पश्चिमेला आहे आणि तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. शिरोळ त्याहून थोडे कमी अंतरावर पूर्वेला आहे आणि तिथे तो सुमारे ५०० मिलिमीटर इतकाच असतो. एवढ्या थोड्या अंतरात पाऊस दहापट बदलणारे प्रदेश जगात फार नाहीत. म्हणून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी असोत, भूगोल शिकवणारे शिक्षक असोत किंवा नुकतीच निसर्गभटकंती सुरू केलेले वाचक असोत, त्यांनी सुरुवात इथूनच करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

सोबत काय हवे

- छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि वाहनाची कागदपत्रे. राधानगरी अभयारण्यात, विशेषतः दाजीपूरच्या बाजूने, वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावे लागते. पावसाळ्यात अभयारण्यातील प्रवेश बंद असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी.
- भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे. कोल्हापूर शहर ४७ एल या पत्रकात येते, तर गगनबावडा ४७ एच मध्ये.
- तालुकावार पावसाचे आकडे. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर ते मिळतात.
- दहापट मोठे दाखवणारे भिंग, साधा तापमापक, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पावसात शाई पसरते, पेन्सिल टिकते.
- पश्चिमेकडे जाताना जळवांसाठी मीठ आणि लांब मोजे. पूर्वेकडे जाताना भरपूर पाणी आणि टोपी.

१. आधी यादीचा गोंधळ मिटवा

नवशिक्यांना पहिली अडचण येते ती आकड्यांची. एका पुस्तकात पाच जीवसंहती दिलेल्या असतात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात चौदा. मग खरे उत्तर कोणते, असा प्रश्न पडतो. याचे कारण असे की जीवसंहती हा निसर्गाने आखून दिलेला कप्पा नसून अभ्यासकांनी सोयीसाठी केलेला गट आहे. सारखे हवामान असलेल्या प्रदेशांत, मग ते वेगवेगळ्या खंडांत का असेनात, वनस्पतींची ठेवण सारखी दिसते. त्या सारखेपणाला दिलेले नाव म्हणजे जीवसंहती. अमेरिकन परिस्थितिकीशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांच्या प्रसिद्ध आकृतीत केवळ सरासरी तापमान आणि वार्षिक पाऊस या दोन अक्षांवर जमिनीवरच्या जीवसंहती मांडलेल्या आहेत. २००१ साली जागतिक वन्यजीव निधीच्या अभ्यासकांनी जमिनीवरच्या १४ जीवसंहती मानल्या आणि त्यांच्या पोटात ८६७ परिप्रदेश (इकोरीजन) दाखवले. भारतातल्या वनांसाठी चॅम्पियन आणि सेठ यांचे १९६८ चे वर्गीकरण वापरले जाते आणि त्यात १६ मुख्य गट आहेत. या याद्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. कुणी जाड चाळणी वापरली आहे, कुणी बारीक. तुम्ही एक यादी निवडा, वहीच्या पहिल्या पानावर ती कोणाची आहे ते लिहा आणि अभ्यास पूर्ण होईपर्यंत ती बदलू नका.

परिसंस्था आणि जीवसंहती यांची गल्लतही इथेच दूर करावी. रंकाळा तलाव ही एक परिसंस्था आहे, कारण ती एका ठिकाणी आहे आणि तिथले सजीव, पाणी व गाळ यांचे परस्परसंबंध तिथेच तपासता येतात. उष्णकटिबंधीय पानझडी वन ही जीवसंहती आहे, कारण ती कोल्हापुरात आहे, मध्य प्रदेशात आहे आणि मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे.

२. पावसाचा एकच आकडा पाहू नका, कोरडे महिने मोजा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

शिरोळचा वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर आणि लंडनचा सुमारे ६००. आकड्यांत फारसा फरक नाही, पण लंडनच्या परिसरात ओक आणि बीचची पानझडी वने वाढतात, तर शिरोळच्या कोरडवाहू जमिनीवर बाभूळ, बोर आणि गवत. हा फरक बाष्पीभवनाचा आहे. तो मोजायला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गॉसेन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सोपा नियम आहे: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये घ्या, त्या महिन्याच्या सरासरी तापमानाची दुप्पट करा आणि पाऊस त्या दुपटीपेक्षा कमी भरला, तर तो महिना कोरडा समजा. लंडनमध्ये जुलैचे सरासरी तापमान १९ अंशांच्या आसपास असते. दुप्पट ३८ होते आणि पाऊस त्याहून जास्त पडतो, म्हणून ऐन उन्हाळ्यातला महिनाही तिथे कोरडा ठरत नाही. कोल्हापूर शहरात नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने निश्चितच कोरडे भरतात आणि मे महिना वळीव किती पडला त्यावर या किंवा त्या बाजूला जातो.

आता हाच नियम गगनबावड्याला लावून पाहा. सिंगापूरमध्ये वर्षाला साधारण २,१०० ते २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे गगनबावड्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही खरे वर्षावन सिंगापूर आणि मलेशियात आहे. तिथले डिप्टेरोकार्प कुळातले वृक्ष ५० मीटरच्याही पुढे वाढतात, तर आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या अंजनी-जांभळाच्या वनात झाडांचे छत साधारण १० ते १५ मीटरवर थांबते. सिंगापुरात दर महिन्याला सरासरी १०० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळून वाहून जातो आणि त्यानंतर झाडांना डिसेंबर ते एप्रिलचा काळ मुळांतल्या ओलीवर, धुक्यावर आणि दवावर काढावा लागतो. माथ्यावरचा सोसाट्याचा वारा आणि पातळ मातीचा थरही झाडांना उंच होऊ देत नाही. म्हणून ‘पाऊस जास्त म्हणजे वर्षावन’ हे समीकरण वहीत लिहू नका. किती पडतो, यापेक्षा किती महिने पडत नाही, हा प्रश्न पुष्कळदा अधिक उपयोगी असतो.

३. पश्चिमेचा रस्ता: पानझडीपासून सदाहरितापर्यंत

कोल्हापुराहून बालिंगा, कळे, साळवण, असळज मार्गे गगनबावड्याकडे निघा. काळ निवडायचा तो मार्च-एप्रिलचा. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास गेलात, तर सगळेच हिरवे दिसते आणि त्या हिरव्या रंगातून काहीही वेगळे काढता येत नाही. ही चूक टाळली, तर निम्मे काम झाले.

उन्हाळ्यात सखल भागातल्या डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, नाणा ही झाडे निष्पर्ण किंवा विरळ पानांची दिसतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते, त्यामुळे पाने नसतानाही तो चुकत नाही. ही पानझडी झाडे आहेत. पाने टाकून ती पाण्याचा खर्च थांबवतात. जसजसे घाटमाथ्याकडे जाल, तसतशी गर्द हिरवी झाडी वाढत जाते आणि अंजनी, जांभूळ, पिसा ही नावे वहीत येऊ लागतात. अंजनीजवळ थांबा. मार्च-एप्रिलमध्ये तिच्या पानांखालच्या काडीसारख्या फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे गुच्छ येतात. पान हातात घेतले तर ते जाड, चामट आणि वरून चकचकीत लागते. हे पान एका उन्हाळ्यात टाकून द्यायचे नसते. ते टिकावे म्हणून झाडाने त्यावर खर्च केलेला असतो. शेजारच्या पानझडी झाडाचे गळलेले पान बोटांत चुरगाळा, ते पातळ आणि ठिसूळ असते. एका हंगामापुरते पान आणि अनेक हंगामांचे पान हा फरक बोटांना कळला, की नकाशावरच्या दोन हिरव्या छटा पुन्हा विसरत नाहीत.

राधानगरी अभयारण्यात हे मिश्रण अधिक चांगले पाहता येते. १९५८ मध्ये दाजीपूरचे गवा अभयारण्य म्हणून त्याची सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत ते आहे. शेकरू दिसले तर केवळ छायाचित्र काढून पुढे जाऊ नका. ते खाली न उतरता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर किती अंतर जाते ते पाहा. सलग छत असलेल्या वनाची ती खूण आहे. गवा मात्र गवत आणि झाडोरा दोन्ही लागणारा प्राणी आहे, म्हणून तो वनाच्या कडेला आणि मोकळ्या कुरणात जास्त दिसतो. गव्यापासून अंतर ठेवा आणि वाहनातून खाली उतरू नका.

इथे एक सापळा आहे. रस्त्यालगत ओळीत लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी किंवा ग्लिरिसिडिया यांची दाट झाडी पाहून ‘सदाहरित वन’ अशी नोंद करणारे पुष्कळ जण भेटतात. एकाच वयाची, एकाच जातीची, खाली रोपे नसलेली झाडी ही लागवड असते आणि तिच्यावरून जीवसंहती ठरवता येत नाही. त्याच न्यायाने ऊस हिरवागार असला, तरी तो तिथल्या हवामानाविषयी काही सांगत नाही. तो उपसा सिंचनाविषयी सांगतो. मूळ वनस्पती पाहायच्या असतील, तर देवराया, ओढ्याचे काठ आणि नांगर न लागलेले उतार शोधावेत.

४. सड्यावर जाऊन हवामानाचा नियम कुठे मोडतो ते पाहा

पन्हाळ्याजवळचे मसाई पठार हे जांभ्या खडकाचे सपाट पठार, म्हणजेच सडा, आहे. तिथे पाऊस चांगला पडतो, पण झाडे नगण्य आहेत, कारण खडकावर मातीचा थर बोटभर असतो किंवा नसतोच. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते आणि सप्टेंबरच्या सुमारास गेंद, कवला आणि सीतेची आसवे यांनी पठार भरून जाते. सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे फूल भिंगाखाली धरा. या वनस्पतीच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्या पाण्यातले बारीक जीव पकडतात. इतक्या निकस जमिनीत नत्र मिळवण्याचा तो तिचा मार्ग आहे. जीवसंहती ठरवताना हवामान पहिले, पण जमीन त्याला उलटवू शकते, ही नोंद सड्यावर बसूनच करावी. फुलांवरून चालू नका आणि पठारावर वाहन अजिबात चढवू नका. तो पातळ थर तयार व्हायला लागलेला काळ आपल्या हिशोबातला नाही.

५. पूर्वेचा माळ: सॅव्हाना समजून घ्या

हातकणंगले तालुक्यात कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगराच्या परिसरात किंवा त्या बाजूच्या कोणत्याही उघड्या टेकडीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. सह्याद्री अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांना वर ढकलतो, ते थंड होऊन पाऊस पाडतात आणि पूर्वेच्या उताराने खाली येताना पुन्हा तापून कोरडे होतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश इथे पायाखाली असतो.

परत आल्यावर मोज्यांत कुसळे अडकलेली सापडतील. ती काढून फेकू नका. कुसळी गवताचे एक बी भिंगाखाली ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. त्याचे लांब, पिळदार कुसळ हळूहळू फिरू लागते. रात्री दव पडले की ते उलगडते, दिवसा वाळले की पुन्हा पीळ घेते आणि या फिरण्यामुळे टोकदार बी जमिनीत घुसत जाते. उन्हाळ्यात वणवा लागला तरी मातीत घुसलेले बी आणि जमिनीलगतचे कोंब वाचतात. पवन्या, मारवेल अशी गवतेही तशीच जगतात. त्यांच्यामध्ये दूरदूर उभी असलेली बोर, हिवर, खैर, बाभूळ ही झाडे जाड सालीची आणि काट्यांची असतात. गवताचा सलग थर, विरळ झाडे, लांब कोरडा काळ, आग आणि चराई ही सॅव्हानाची लक्षणे आहेत. टांझानियातल्या सेरेंगेटीत आणि ब्राझीलच्या सेराडोत जाती वेगळ्या आहेत, पण हीच मांडणी आहे.

या माळांना आपल्या कागदपत्रांत ‘पडीक’ म्हटले जाते, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. उष्ण प्रदेशातली ही गवते सुमारे ८० ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या काळात जगभर पसरली. शेती तर गेल्या काही हजार वर्षांतली आहे. त्यामुळे प्रत्येक माळ म्हणजे माणसाने तोडून टाकलेले जंगल, हे गृहीत धरणे बरोबर नाही. हेतू चांगला असला, तरी माळावर खड्डे घेऊन दाट झाडे लावली की गवत सावलीत मरते आणि त्याबरोबर चंडोल, धाविक, टिटवी यांची घरटी करण्याची जागा आणि धनगरांच्या मेंढरांचे चरण दोन्ही जाते. तुम्ही वृक्षारोपणाच्या उपक्रमात असाल, तर ही पायरी शिकल्यावर जागा निवडण्याविषयी जरूर बोला.

याच भागात बांधावर दोन प्रकारची झुडपे दिसतात. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, तर शेर आफ्रिकेतला. दोघांची खोडे मांसल व हिरवी, पाने जवळजवळ नाहीशी. पण शेराला ओरखडा काढला की पांढरा चीक येतो आणि फड्या निवडुंगाला येत नाही. दोघे वेगळ्या कुळांतले आहेत, दुष्काळाने त्यांना सारखे रूप दिले. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून हे मुलांना करू देऊ नका. जीवसंहती नात्यावरून नव्हे, ठेवणीवरून ठरते, हे समजायला याहून चांगले उदाहरण घराजवळ मिळणार नाही.

६. आता नकाशा उघडा आणि थंडी जोडा

इथवरच्या जीवसंहतींत थंडीचा प्रश्नच नव्हता. उरलेल्यांत तो मुख्य आहे, आणि त्या आपण पाहिलेल्याशी ताडून शिकाव्यात.

समशीतोष्ण पानझडी वन पूर्व अमेरिका, युरोप आणि पूर्व आशियात आहे. आपला ऐन पाण्याअभावी पाने टाकतो. तिथला मॅपल हिवाळ्यात प्रकाश आणि उष्णता कमी झाल्यामुळे टाकतो. समशीतोष्ण गवताळ प्रदेशांना युरेशियात स्टेप, उत्तर अमेरिकेत प्रेअरी आणि अर्जेंटिनात पंपास म्हणतात. युक्रेनची काळी माती आणि आपली काळी माती एकच, असे समजण्याचा सापळा इथे असतो. त्यांची माती गवताच्या मुळांच्या कुजण्यातून, सेंद्रिय द्रव्याने काळी झाली आहे. आपली बेसॉल्ट खडक झिजून तयार झाली आणि तिच्यात सेंद्रिय द्रव्य तुलनेने कमी असते.

भूमध्यसागरी झुडपी प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मान्सूनची सवय असलेल्या आपल्याला हे उलटे वाटते, म्हणून पाचही ठिकाणे नकाशावर खुणवा: भूमध्य समुद्राचा किनारा, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग. सगळी खंडांच्या पश्चिम कडेला किंवा तिच्याजवळ, साधारण ३० ते ४० अक्षांशांच्या दरम्यान आहेत.

तैगा, म्हणजे कॅनडापासून सायबेरियापर्यंतचे सूचिपर्णी वन, ही जमिनीवरची सर्वांत विस्तीर्ण जीवसंहती मानली जाते. तिच्या उत्तरेला सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमानही १० अंशांच्या खाली राहू लागले, की झाडे संपतात आणि टुंड्रा सुरू होतो. अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियागविक या गावात जैसलमेरपेक्षाही कमी वृष्टी होते, पण उन्हाळ्यात तिथली जमीन दलदलीची असते, कारण खालचा थर कायम गोठलेला असल्याने पाणी मुरत नाही आणि गारठ्यात ते उडूनही जात नाही. वाळवंट म्हणजे उष्णता हा समज याच ठिकाणी सोडावा: गोबी थंड वाळवंट आहे आणि अंटार्क्टिकाचा अंतर्भाग पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे.

७. उंचीचा हिशेब

दर १,००० मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. तापमापक घेऊन एकाच दिवशी कोल्हापुरात आणि पन्हाळ्यावर सावलीत मोजून पाहा. दोन-अडीच अंशांचा फरक मिळायला हवा. हाच हिशेब हिमालयात जीवसंहती बदलतो. ऋषिकेशच्या सालवनातून चोपत्याकडे जाताना चीड (पाइन), मग बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन), आणि तुंगनाथजवळ सुमारे ३,६०० मीटरवर झाडांविना गवताळ बुग्याल लागतात. उत्तराखंडला देवदर्शनासाठी जाणारी कोल्हापूरची कुटुंबे पुष्कळ आहेत. बसच्या खिडकीत हा क्रम लिहीत गेले, तर वेगळा खर्च पडत नाही.

८. पाण्याखालच्या जीवसंहतींना वेगळे पान द्या

पाण्यात पाऊस आणि तापमानाचा तक्ता चालत नाही. तिथे प्रकाश किती खोल जातो, क्षार किती आहेत आणि पोषकद्रव्ये किती आहेत, हे विचारावे. रंकाळा किंवा कळंब्याला गोड्या पाण्याची नोंद होते, सिंधुदुर्गातल्या खाड्यांत भरती-ओहोटीच्या वेळी कांदळवनाची, आणि मालवणच्या समुद्रात प्रवाळाची. समुद्रात साधारण २०० मीटरच्या खाली प्रकाशसंश्लेषणाला पुरेसा प्रकाश पोहोचत नाही, म्हणून तिथले जग वरून गळणाऱ्या अन्नावर चालते.

९. नोंद कशी ठेवावी

प्रत्येक ठिकाणासाठी एक पान ठेवा आणि त्यावर याच क्रमाने लिहा: ठिकाण व उंची, वार्षिक पाऊस, कोरड्या महिन्यांची संख्या, हिवाळ्यात गोठण होते की नाही, मातीची खोली, आग व चराईच्या खुणा, पाच मुख्य वनस्पती आणि त्यांच्या पानांचा प्रकार. जीवसंहतीचे नाव सर्वांत शेवटी, पेन्सिलीने लिहा. पानाच्या मागच्या बाजूला जगातले असेच हवामान असलेले एक ठिकाण आणि त्याचे आकडे नोंदवा. वनस्पतींची ओळख पटत नसेल, तर फांदी तोडून आणू नका. अभयारण्यात ते गुन्हा ठरते. पान, फूल, साल आणि पूर्ण झाड अशी चार छायाचित्रे काढा आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर टाका. तिथले जाणकार नाव सुचवतात. शंका उरली, तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या उद्यानात नावाच्या पाट्या लावलेली झाडे आहेत, त्यांच्याशी आपले छायाचित्र ताडून पाहावे. नोंदीच्या प्रत्येक ठिकाणी मार्च, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा तीन वेळा जाऊन पान पूर्ण करावे. एका भेटीतली नोंद अपुरी समजावी.